खुलासा : सर्वोच्च न्यायालयाच्या नावाने फिरणाऱ्या मेसेजबद्दल

'सुप्रीम कोर्टाने वेश्याव्यवसायाला पूर्ण मोकळीक दिली आहे, रस्त्यावर पोलीस काहीच करू शकत नाहीत, म्हणून रहिवाशांनीच फोटो काढून ग्रुपवर टाकावेत' असा मेसेज सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे.

न्यायालयाचा आदेश 19 मे 2022 चा आहे. वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांशी पोलिसांनी सन्मानाने वागावं आणि त्यांची ओळख माध्यमांतून उघड होऊ नये, असं त्यात आहे. 1956 चा 'पिटा' (अनैतिक व्यापार प्रतिबंधक) कायदा त्याने रद्द झालेला नाही. कलम 8 प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक बोलावणं आजही गुन्हा आहे. शाळा, देऊळ, मशीद, रुग्णालय यांच्या 200 मीटरच्या आत हा व्यवसाय केल्यास कलम 7 लागतं, आणि ते गिऱ्हाइकालाही लागतं. कुंटणखाना चालवणं, दलाली हे तर आणखी गंभीर गुन्हे.

रात्री घरी परतताना वाटणारी भीती खरी आहे, तिला कोणी खोटं ठरवू नये. पण फोटोंनी ती कमी होत नाही. कामावरून परतणारी, रिक्षाची वाट पाहणारी कुठलीही बाई त्यात सापडते आणि तिची कायमची बदनामी होते. शिवाय ज्यांचा फोटो काढला जातो, त्यांतल्या काहींना फसवून, विकून इथे आणलेलं असतं.

छेडछाड, मारामारी, दलालांची दमदाटी दिसली तर 112 ला फोन करा. अल्पवयीन मुलगी दिसली तर 1098. रस्त्यावरच्या बंद दिव्यांबद्दलचा अर्ज महापालिकेकडे लेखी द्या, पोच घ्या.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. टाकलेले फोटो आजच काढा.