सहा शेंगदाणे

गुडघे बोलायला लागल्यापासून कॉलनीतल्या रविवारच्या सामन्यात मला अंपायर करतात. "काका, तुम्हाला फक्त उभं राहायचंय," असं गोड बोलून नेतात आणि मग स्वेटर, गॉगल, मोबाइल, एकाने तर दुधाची पिशवीसुद्धा माझ्याच गळ्यात अडकवतात. पहिला चेंडू पडेपर्यंत माझी खुंटी झालेली असते.

इंदूर तसं अंपायरांचं गाव. नरेंद्र मेनन इथलेच, आणि त्यांचे चिरंजीव नितीन 2020 मध्ये आयसीसीच्या एलिट पॅनेलवर गेले. तेव्हापासून पोहे-जिलबीच्या ठेल्यावरचा प्रत्येक जण "नर्मदेच्या पाण्यातच आहे भिया" म्हणत बोट वर करतो.

चेंडू मोजायला अंपायर खिशात सहा खडे ठेवायचे, हल्ली क्लिकर असतो. मला क्लिकर कोण देणार? आणि स्वच्छतेत शहराचा असा पहिला नंबर, की अख्ख्या बगीच्यात सहा खडे सापडले नाहीत. शेवटी ठेल्यावरून खारे शेंगदाणे घेतले. चेंडू पडला की एक दाणा डाव्या खिशातून उजव्या खिशात.

आमचा टेनिस बॉलचा खेळ, त्यामुळे पायचीतची भानगड नाही. पण धावबाद आहे ना! नियमाप्रमाणे अपील झाल्याशिवाय अंपायरने कुणाला बाद द्यायचं नसतं. आमच्याकडे ती अडचण येत नाही. पानवाल्यापासून तिसऱ्या मजल्यावर कपडे वाळत घालणाऱ्या वहिनींपर्यंत सगळेच अपील करतात. शेवटच्या षटकात तिसऱ्या चेंडूला असंच एक अपील झालं आणि चांगली सात मिनिटं तंटा चालला. मी नाबाद दिलं, तेही धड कुणाला आवडलं नाही.

खेळ पुन्हा सुरू झाला. पुढचे दोन चेंडू पडले, जिंकायला चार हव्या होत्या, समोर माझा सख्खा मेव्हणा. मी डाव्या खिशात हात घातला. खिसा रिकामा. "ओव्हर!" म्हणून ओरडलो आणि त्याच क्षणी जिभेला मीठ लागलं. दाढेत लाल फोलपट अडकलेलं होतं.

एवढा वेळ एकानेही चेंडू मोजले नव्हते, आता सगळ्यांना पाचच आठवत होते. मी कायदा काढला: नियम 17.5, अंपायरची मोजणी चुकली तरी त्याने मोजलेलं षटकच ग्राह्य.

"जिजाजी, तो नियम मोजण्यात चुकण्याचा आहे, खाण्याचा नाही," मेव्हणा म्हणाला.

मग त्याच्या कप्तानाने 97 साल काढलं. त्या 25 डिसेंबरला आपल्या नेहरू स्टेडियमवर भारत-श्रीलंका सामना खेळपट्टी धोकादायक म्हणून तीन षटकांतच थांबवला होता. मग आमच्या खेळपट्टीवर तर चेंबरचं झाकण आहे, सामना रद्द करा! एकोणीस षटकं त्या झाकणावरूनच पळाला होता पठ्ठ्या. मी ठाम राहिलो. ठाम राहण्यावाचून दुसरं हातात काय होतं? सहावा दाणा पोटात होता.

घरी बायकोने भावाची बाजू आधीच फोनवर ऐकलेली होती. माझ्या पोह्यांवर शेव नव्हती.

काल पुन्हा निरोप आला, रविवारी तुम्हीच या, दुसरं कुणी तयार नाही. बायकोने डब्यातून सहा चिंचोके काढून माझ्या हातावर मोजले.

"हे खाता येत नाहीत. आणि संध्याकाळी सहाच्या सहा परत हवेत, नातीच्या खेळातले आहेत."