फंडपेटीतला पैसा मशिदीत जात नाही, मावशी

परवा रात्री मावशीने घरच्या ग्रुपवर एक संदेश टाकला: ‘मंदिरांच्या फंडपेटीतून सरकार प्रत्येक मौलवीला महिना १८,००० रुपये पगार देते. सुप्रीम कोर्टाचाच आदेश. पुजाऱ्याला मात्र दमडी नाही.’ सकाळपर्यंत तो आमच्या चार नातेवाइकांनी पुढे ढकलला होता.

फंडपेटीचे वाचून मला सर्वांत जास्त राग आला. मावशी, काका तीन वर्षे आपल्या देवस्थानाचे खजिनदार होते ना? गोव्यातली देवळे १९३३ च्या, पोर्तुगीज काळातल्या माझानिया (देवस्थान) कायद्याने चालतात. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, मुखत्यार ही समिती महाजन, म्हणजे देवस्थानाचे वंशपरंपरागत सभासद, निवडतात आणि मामलेदार देखरेख करतो. फंडपेटी उघडली की पैसा देवस्थानाच्या खात्यात जमा होतो. तो सरकारकडे जातच नाही, तर सरकार त्यातून पगार कुठून देणार? काकांनाच विचार, कधी एका तरी इमामाला पैसे दिले होते का.

कोर्टाचा निकाल आहे, १३ मे १९९३ चा. पण त्यात मानधन द्यायला सांगितले आहे वक्फ बोर्डांना. वक्फ म्हणजे मुसलमानांनीच धर्मासाठी दान केलेली मालमत्ता. देवळांचा तिथे संबंध नाही. आणि गोव्यात तर वक्फ बोर्डच नाही! म्हणजे त्या निकालाने इथल्या इमामाच्या हातात एक रुपयाही पडत नाही.

१८,००० हा आकडा दिल्लीचा. तिथल्या वक्फ बोर्डाला दिल्ली सरकार अनुदान देते, म्हणजे त्यात करदात्याचा पैसा आहे, हे मला मान्य करावे लागते. त्यावर घटनेचे कलम २७ (एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी कर द्यायची सक्ती नको) पुढे करून कुणी भांडले तर मी त्याला अडवणार नाही. पश्चिम बंगालने २०१२ मध्ये इमामांना २,५०० रुपये सुरू केले, तो निर्णय कलकत्ता उच्च न्यायालयाने पुढच्याच वर्षी घटनाबाह्य ठरवला. पण दिल्लीच्या इमामांचे तरी काय? डिसेंबर २०२४ मध्ये ‘सतरा महिने मानधन थकले’ म्हणत ते रस्त्यावर उतरले होते.

पुजाऱ्याला दमडी नाही, हेही खोटे. पश्चिम बंगालने २०२० मध्ये पुरोहितांना मानधन सुरू केले, तेलंगणातही अर्चकांसाठी योजना आहे.

आता आपल्या बाजारामागच्या मशिदीतले पेश इमाम. त्यांचा पगार जमातीच्या, म्हणजे मशिदीशी जोडलेल्या लोकांच्या, वर्गणीतून येतो. दुकानदार, रिक्षावाले, मासळी विकणारे महिन्याला जमेल तेवढे देतात, शुक्रवारी चंदा जमतो. संध्याकाळी ते मकतबात, म्हणजे मशिदीच्या धार्मिक शाळेत, मुलांना शिकवतात. निकाह लावला की थोडे मिळते, रमजानात तरावीह (रात्रीची खास नमाज) झाल्यावर हदिया, म्हणजे खुशीची भेट. जेवणाचा डबा घरोघरून पाळीने येतो. मावशी, आपले आजोबा वार लावून जेवून शिकले, हे मला तूच सांगितलेस, आणि सांगताना तुझे डोळे भरून आले होते.

तो संदेश पुसून टाक. ज्या ग्रुपवरून तुला आला, तिथे हे पाठव.