दोन्ही हात अंतरपाटात

डोकं दुखलं तर माणूस चारचौघांत कपाळ धरून बसू शकतो. कंबर धरली तर उठताना ‘आई गं’ म्हणायला कुणाची ना नाही. दाढ सुजली की गालाला रुमाल बांधून गावभर मिरवता येतं. जांघेतल्या खाजेला मात्र समाजात स्थान नाही. विचारलंच कुणी तर ‘जरा उष्णता झालीय’ एवढंच म्हणायचं. मे महिन्यात खानदेशात हे कुणाला खटकतही नाही. पारा ४५ वर असताना उष्णता कुणाला झालेली नसते?

त्यात लग्नसराई. अमळनेरला पुतणीचं लग्न, मुहूर्त दुपारी साडेबाराचा. ज्याने तो काढला त्याला स्वतःला लग्नाला यायचं नव्हतं, हे उघड आहे. मी मुलीचा सख्खा काका, म्हणून अंगात सफारी. कापड असं की बाहेरची हवा आत येत नाही आणि आतला घाम बाहेर जात नाही. जिथे नजर पोचेल तिथपर्यंत कापूस पिकतो, तिथली माणसं ऐन उन्हाळ्यात नखशिखांत पॉलिस्टरमध्ये का वावरतात, हे कोडं मला सुटलेलं नाही. आमच्या आजोबांचं धोतर होतं, खालून शिरलेला वारा वर कुठून तरी निघून जायचा. बाजेवर बसून ते जगाला शिव्या द्यायचे, पण खाजवायचे फक्त दाढी.

गुरुजींनी अंतरपाटाचं एक टोक माझ्या हातात दिलं. मान मोठा, पण त्याला दोन्ही हात लागतात. मंगलाष्टकांत नद्यांची नावं आली आणि माझ्या पाठीवरून त्यांतली एक वाहायला लागली. ती कंबरेला वळसा घालून नेमकी नको तिथे पोचली, आणि खाज जागी झाली. नवरीच्या मामींनी स्वतः रचलेलं मंगलाष्टक धरलं होतं. त्यात दोन्हीकडच्या सगळ्या नातेवाइकांची नावं गुंफलेली, आणि नातेवाईक आमच्याकडे भरपूर. मी या पायावरून त्या पायावर, त्या पायावरून या पायावर. अंतरपाट हलायला लागला. गुरुजींनी डोळे वटारले. मी दात आवळले, तसं डोळ्यांत पाणी आलं.

“काका किती हळवे आहेत!” मागून एक बाई म्हणाल्या. व्हिडिओवाल्याने तेवढ्यात कॅमेरा माझ्यावर आणला. तो भाग पुढे संथ गतीत, मागे सनई लावून, घरोघरी दाखवला गेला.

खरं काय ते एकट्या साडूने ओळखलं. जेवणाच्या पंगतीकडे जाताना माझी चाल बघून त्याने मला मांडवामागे ओढलं आणि खिशातून चपटी झालेली ट्यूब काढली. “लाव. दोन दिवसांत साफ. मी तीन वर्षं हीच लावतोय.” दोन दिवसांत साफ होणारं औषध तीन वर्षं कसं लागतं, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण तेवढ्यात वरणबट्टी वाढायला घेतली.

घरी मग ज्याचा त्याचा दवाखाना. खोबरेल तेलात कापूर. पावडर, जिची घामाशी गाठ पडून पाऊण तासात लापशी होते. लिंबाचा रस हा उपाय ज्याने शोधला त्याला मी एकदा समक्ष भेटू इच्छितो. आजीने लांबूनच विचारलं, “काय व्हयनं रे? लाजस काबर?”

शेवटी जळगावला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. बाहेरच्या बाकड्यांवर निम्मं गाव. प्रत्येकजण भिंतीवरच्या कॅलेंडरचा अभ्यास करत होता. शेजारच्या आप्पांना मी बोलण्याच्या ओघात विचारलं, तर म्हणाले, “काही नाही भो, केस गळतायत.” आप्पांच्या डोक्यावर गेल्या वीस वर्षांत गळण्यासारखं काही उरलेलं नाही. मी म्हटलं, “माझेही.”

डॉक्टरांनी बघितलं, म्हणाले, “गजकर्ण.” साडूची ट्यूब आधीच टेबलावर ठेवली होती, ती त्यांनी चिमटीत धरली. म्हणाले, यात स्टेरॉइड आहे. लाली जाते, खाज थांबते, आणि पेशंट खूश होऊन बसला की खाली बुरशी निवांत पसरते. वर त्या नाजूक जागेची कातडी पातळ होऊन चट्टे पडतात ते निराळेच. स्टेरॉइडची कितीतरी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला सरकारने २०१८ सालीच मनाई केलीय, तरी ट्यूब लग्नाच्या मांडवापर्यंत पोचतेच. आपल्याकडे औषधांना दाद न देणारी एक बुरशी इतकी माजली की २०२० साली जपानी संशोधकांनी तिच्या शास्त्रीय नावातच ‘इंडो’ घातलं. जगाच्या नकाशावर आपण असेही पोचलो.

मग सूचना. मलम चट्ट्यावरच नाही, त्याच्या कडेबाहेर दोन बोटं लावायचं. खाज गेली तरी त्यांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत थांबवायचं नाही. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. पायाच्या बोटांत बुरशी असेल तर आधी मोजे घालायचे, मग चड्डी, म्हणजे पायाची वर चढत नाही. (हे दृश्य सकाळी बायकोने पाहिलं. तिने काही विचारलं नाही, फक्त दार ओढून घेतलं.) आणि आतले कपडे उलटे करून कडक उन्हात वाळवायचे.

इथे अडलं. ऊन आमच्याकडे सरकारी गोदामासारखं पडून आहे, पण चड्डी त्यात वाळत घालायची रीत नाही. ती दोरीवर टॉवेलखाली, टॉवेल साडीखाली, आणि साडी जिन्याखालच्या सावलीत. घरातल्या एकाही चड्डीने आजवर सूर्य पाहिलेला नव्हता.

त्यात डॉक्टर म्हणाले होते, घरात आणखी कुणाला असेल तर सगळ्यांनी एकदम औषध घ्या. रात्री जेवताना मी विषय काढला. वडील ताटातल्या ठेच्याकडे बघत राहिले. मुलाला एकदम अभ्यास आठवला. आजी म्हणाली, “मी कधीची सांगते, कुणी ऐकतं का?” तेव्हा वडिलांनी घसा खाकरला आणि डॉक्टर रविवारी बसतात का ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी बायकोने दोरी उचलून थेट पुढच्या गच्चीत बांधली आणि अख्ख्या घराचे आतले कपडे उलटे करून, चिमटे लावून, रस्त्याच्या तोंडावर टांगले. समोरचे अण्णा पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा कपाळावर घेतला, दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहिलं, आणि पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

संध्याकाळी ते फाटकाशी आले. आवाज खाली आणून म्हणाले, “ते तुमचे जळगावचे डॉक्टर… केसांचंही बघतात ना?”