खत नाही दादा, खिडकी बघा

नेरुळच्या एका दादांची लांबलचक कमेंट आलीये, सुरुवातच "फुकटचे सल्ले देऊन लोकांचे टँक घालवता" अशी. तिथल्या तिथे दोन ओळींत उत्तर देऊन भागलं नसतं, आणि हेच प्रश्न बाकीच्यांनाही पडतात, म्हणून इथे नीट लिहितो. ज्यांनी कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: माशांच्या टँकमधल्या झाडांना घालायच्या विद्राव्य खताबद्दल मी लिहिलं होतं, ते वाचून दादांनी गणपतीच्या सुमाराला खत चालू केलं, दिवाळी झाली आणि काचेवर शेवाळाचे कडक हिरवे ठिपके, अनुबियस या पाण्यातल्या झाडाच्या पानांच्या कडेला केसांसारखं काळं शेवाळ. खत बंद केलं, तरी जात नाहीये. दोनदा अख्खा टँक रिकामा करून फिल्टरसकट नळाखाली धुतला. शेवाळ खाईल म्हणून सकर मासा आणून सोडला, तो नुसता काचेला चिकटून बसतो. टँक दोन फुटी, हॉलमध्ये दक्षिणेच्या सरकत्या खिडकीला लागून, एलईडी सकाळी आठ ते रात्री आठ, आणि शेजारी झाडांना सीओटू (कार्बन डायऑक्साइड) द्यायला साखर-यीस्टची बाटली. शेवटचा टोला असा की "फॉस्फेटने शेवाळ होतं हे शाळेतल्या पोराला कळतं, शेतातलं खत टँकमध्ये घालायला सांगणाऱ्याला कळत नाही."

दादा, चिडलात ते ठीक आहे, पण तुम्ही एवढी सगळी माहिती दिलीत ना की उत्तर तुमच्याच कमेंटमध्ये पडलेलं आहे.

आधी फॉस्फेटचं बोलू, कारण ते तुम्ही हवेत बोललेला नाहीत. कॅनडात ऑन्टारिओमध्ये १९७३ साली एका तळ्याच्या मधोमध पडदा लावून दोन भाग केले, दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन सोडलं, फॉस्फरस (फॉस्फेटमधला तोच) मात्र एकाच बाजूला, आणि तीच बाजू हिरवीगार झाली. तिथलं ते खरंच. आपल्या छंदातही ९० च्या दशकात पॉल सियर्स आणि केविन कॉनलिन या दोघांनी हेच मांडलं होतं की फॉस्फेट तुटपुंजं ठेवा म्हणजे शेवाळ उपाशी राहील, आणि कितीतरी वर्षं लोक फॉस्फेट शून्यावर आणायच्या मागे लागलेले. मग टॉम बार या दुसऱ्या टँकवाल्याने उलटं करून दाखवलं, झाडांनी भरलेल्या टँकमध्ये नायट्रेट-फॉस्फेट मुद्दाम भरपूर घातलं, दर आठवड्याला निम्मं पाणी बदललं, आणि झाडं नीट वाढत असतील तर शेवाळ काही येत नाही. तळ्याच्या उघड्या पाण्यात ते खत उचलायला तरंगतं शेवाळच पुढे असतं, आपल्या टँकमध्ये हावरट झाडं खच्चून लावलेली असतात, हा फरक आहे. शिवाय माशांच्या खाण्यातून फॉस्फेट रोज पडतंच, तुम्ही खत घाला न घाला.

आता तुमची खिडकी. खत चालू झालं सप्टेंबरात आणि शेवाळ आलं नोव्हेंबरात, मधल्या काळात काय बदललं? सूर्य. मे महिन्याच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्यावर, खरं तर किंचित उत्तरेलाच असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून दुपारी घरात थेट ऊन पडतच नाही, त्यात पावसाळी ढग. ऑक्टोबरपासून तो दक्षिणेला खाली सरकत जातो, आणि डिसेंबरात भर दुपारी, म्हणजे साडेबाराच्या आसपास, क्षितिजापासून जेमतेम ४७ अंशांवर असतो. म्हणजे ऊन तिरकं होऊन सरळ हॉलमध्ये. एखाद्या सुट्टीच्या दिवशी अकरा ते तीन तिथे बसून बघा, खिडकीच्या ग्रिलची सावली फरशीवर कुठपर्यंत येते आणि टँकच्या कुठल्या काचेवर चढते ते. मी पैज लावतो की हिरवे ठिपके सगळ्यात जास्त त्याच काचेवर आहेत. थेट ऊन म्हणजे लाखभर लक्स, खिडकीच्या काचेतून थोडं कमी धरा, तुमच्या एलईडीचा उजेड त्याच्यापुढे काही हजारांचा, आणि त्याच्यावर तुमचे ते बारा तास. "निसर्गात पण बाराच तास असतो" असं तुम्ही लिहिलंय, पण निसर्गात सकाळ-संध्याकाळ उजेड तिरपा आणि मंद असतो, ओढ्यावर झाडांची सावली असते, एलईडी मात्र आठ वाजता लागला की रात्री आठपर्यंत फुल्ल.

आणि याच दिवसांत तुमची यीस्टची बाटली ढिली पडते. नवी मुंबईत डिसेंबरात पहाटे १७-१८ डिग्रीपर्यंत जातं, बाटली ठेवलीये खिडकीच्या कठड्यावर, यीस्ट गारठतं, बुडबुडे कमी होतात, दुपारी ऊन लागलं की परत जोरात. काळे केस म्हणजे ते ब्लॅक बिअर्ड, दिसायला काळं पण गट तांबड्या शेवाळांचा, त्याला असला वर-खाली होणारा सीओटू फार मानवतो. म्हणजे उजेड वाढला आणि नेमका तेव्हाच झाडांचा कार्बन कमी झाला. झाडं तो उजेड वापरू शकत नाहीत, मग जो वापरू शकतो तो वापरतो. अनुबियससारखं सावकाश वाढणारं झाड असलं की त्याच्या जुन्या पानांवर पहिला मुक्काम.

मग खत बंद केल्यावर गेलं का नाही? तर हिरवे ठिपके हे असलं शेवाळ आहे की जे उलट फॉस्फेट कमी पडलं आणि उजेड जास्त झाला की बळावतं. खत बंद करून तुम्ही झाडांचं जेवण तोडलंत, ऊन तसंच ठेवलंत.

"शेतातलं खत" या वाक्यावर मात्र मला थांबायचंय, कारण इथे एक गोष्ट तुम्ही लिहिलेलीच नाही, पिशवीवर आकडा (नत्र-स्फुरद-पालाशचं प्रमाण) काय आहे? मी सांगितलं होतं १३-०-४५, ते पोटॅशियम नायट्रेट, आणि ०-५२-३४, ते मोनो पोटॅशियम फॉस्फेट. कृषी सेवा केंद्रातल्या किलोच्या पिशवीत तेच मीठ असतं जे परदेशी लेबल लावून छोट्या बाटलीत पाणी घालून विकतात. पण दुकानदार बऱ्याचदा "तेच आहे हो" म्हणून १९-१९-१९ हातात देतो. ते आणलं असेल तर गोष्ट वेगळी, त्यात युरिया आणि अमोनियम असतं, १२-६१-० मध्येही अमोनियमच, आणि टँकमध्ये अमोनिया गेला की माशांना त्रास आणि शेवाळाला आमंत्रण. आकडा बघून सांगा. बरोबर पिशवी असेल तर तुमच्या साधारण ५० लिटर पाण्यात १३-०-४५ एक ग्रॅमपेक्षा थोडं कमी घातलं की नायट्रेट १० पीपीएमने (लिटरमागे १० मिलिग्रॅमने) वाढतं, ०-५२-३४ तर चिमटीपेक्षाही कमी लागतं, चमच्याने घालायचा प्रकारच नाही हा. सोनारकामाचा छोटा डिजिटल काटा मिळतो तो घ्या, अंदाजपंचे नको.

नळाखाली फिल्टर धुणं तेवढं बंद करा प्लीज. नवी मुंबईला येतं ते मोरबे धरणाचं पाणी पावसाचं, तसं मऊ असतं, झाडांना उत्तम, पण घरी येतं ते क्लोरीन मारूनच, आणि स्पंजमध्ये अमोनिया पचवणारे जे जीवाणू बसलेले असतात ते त्यात जातात. मग टँक पुन्हा नव्यासारखा कच्चा, अमोनिया वर, शेवाळ परत. पाणी बदलताना जी बादली काढता त्याच पाण्यात स्पंज दोनदा पिळायचा, बास.

करायचं काय ते सांगतो. टँक हलवता आला तर आतल्या भिंतीला घ्या, नाही तर खिडकीकडच्या आणि मागच्या काचेला बाहेरून काळा चार्ट पेपर चिकटवा, दिसायलाही छान दिसतं. एलईडीला टायमर, सहा तास, घरी असता तेव्हाचे, दुपारी दोन ते आठ म्हणा. बाटली बंदच करा सध्या, एवढ्या उजेडात अनुबियस आणि जावा फर्नला सीओटू घालायची गरज नाही, चढ-उतारापेक्षा नसलेला बरा. या झाडांच्या जोडीला वॉटर विस्टेरिया किंवा हॉर्नवर्टच्या चार काड्या टाका, भसाभस वाढतात. दर आठवड्याला निम्मं पाणी बदला, अँटीक्लोर (क्लोरीन काढणारं औषध) घालून. पिशवी बरोबर असेल तर खत परत चालू.

ठिपके काचेवरून ब्लेडने निघतात, पानांवरचे निघत नाहीत, ती पानं देठाजवळ कापा. काळ्या केसांसाठी केमिस्टकडचं हायड्रोजन पेरॉक्साइड, पण इथेही बाटली वाचायची, आपल्याकडे सहसा ६ टक्क्यांचं मिळतं, त्यावर २० व्हॉल्यूम असंही लिहिलेलं असतं, ते तेवढ्याच पाण्यात मिसळून ३ टक्के करायचं. फिल्टर बंद, सिरिंज पाण्याखाली नेऊन काळ्या झुपक्यावर हळूहळू सोडायचं, तुमच्या टँकला एका दिवसात एकूण १० मिलीच्या वर नाही. झुपक्यातून सोड्यासारखे बारीक बुडबुडे सुटतात. पाच-दहा मिनिटांनी फिल्टर चालू. दोन-तीन दिवसांत ते काळं गुलाबी, मग करडं पडतं, की समजायचं मेलं. दुकानात जे "अल्गी किलर" सुचवलंय ते आणू नका, त्यातल्या काही औषधांत तांबं असतं आणि तुमच्याकडे रेड चेरी श्रिंप (छोट्या लाल कोळंब्या) आहेत, त्या पहिल्या जातील.

राहिला सकर. तो ना ठिपके खरवडतो ना काळे केस खातो, बोटाएवढा आणला तरी फूटभराच्या वर वाढतो आणि घाण करतो ती वेगळीच. दुकानदार परत घेत असेल तर देऊन टाका, त्याच्या बदल्यात दोन नेराइट गोगलगायी घ्या, त्या ठिपके खरंच खातात, फक्त काचेवर आणि लाकडावर पांढरी अंडी चिकटवून ठेवतात जी गोड्या पाण्यात फुटत नाहीत, त्याची तयारी ठेवा. सकर परत घेतला नाही तर मला कळवा, ठाण्यात मोठा टँकवाला कोणीतरी शोधू, पण तो कुठल्याही तलावात नेऊन सोडू नका, आपल्या तलावांत आधीच पुष्कळ झालेत. आणि पिशवीवरचा आकडा टाका खाली कमेंटमध्ये.