सोमवार, दहा वाजता: स्पर्शानुभव

रविवारी संध्याकाळी मी फार हुशार असते. जेवणाच्या टेबलावर पट्टी, चार रंगांची पेनं आणि एक मोठा कोरा कागद घेऊन बसते आणि येत्या आठवड्याचा तक्ता आखते. सोमवार, दहा वाजता: स्पर्शानुभव. मंगळवार: पाणी ओतणे. बुधवार: हातांचे ठसे. गुरुवार: गोलात बसून गाणी. प्रत्येकाखाली 'उद्दिष्ट', 'साहित्य' आणि 'वेळ: २० मिनिटे'. एरवी मी 'मिनिटं' म्हणते, पण तक्त्यात 'मिनिटे' लिहिलं की कामाला जरा वजन येतं.

नवरा कपाळावरचा चष्मा खाली ओढून माझ्या खांद्यावरून डोकावतो.

"वीस?"

"वीस."

"मिनिटं?"

मी उत्तर देत नाही. तो घरून काम करतो, म्हणजे आतल्या खोलीत दार लावून बसतो, आणि दाराबाहेर काय चालतं ते त्याला फक्त ऐकू येतं. ऐकीव माहितीवर त्याने बोलू नये.

माझं घरगुती पाळणाघर आहे. पोरं पाच. नावं सांगणं बरं नव्हे, म्हणून हुद्दे सांगते. सगळ्यात धाकटे बाळराजे, वय सात महिने, नुकते बसायला लागलेत. बसतात म्हणजे कलंडेपर्यंत बसतात. मग सव्वा वर्षाचे फेकूराव. मग दीड वर्षाची हमालबाई. पावणेतीन वर्षांचे वकीलसाहेब, ज्यांचा सगळा कायदा 'माझं' या एका शब्दात मावतो. आणि साडेतीन वर्षांची मुकादम. ती मला "मावशी, तू बस" म्हणते आणि माझं काम स्वतः करायला जाते. त्यानंतर ते काम दुप्पट होतं.

एकाच वयाची पाच असती तर तक्ता जमला असता असं मला वाटतं. (जमला नसता.) पण इथे मुकादमला जे आवडतं ते बाळराजेंच्या घशात अडकू शकतं, आणि बाळराजेंना जे चालतं त्याने मुकादमचा अपमान होतो. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासायला एक ठरावीक मापाची नळी असते, ३.१७ सेंटिमीटर व्यासाची. तिच्यात जी वस्तू पूर्ण मावते ती या मुलांच्या हाती द्यायची नाही. माझ्याकडे ती नळी नाही. टॉयलेट पेपरच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी मी वापरते. ती जरा रुंद असते, म्हणजे आपली परीक्षा आणखी कडक. ही नळी सतत माझ्या खिशात असते आणि सवय वाईट. गेल्या महिन्यात नणंद घरी आली होती. तिने कानातलं काढून टेबलावर ठेवलं, तर मी बोलता बोलता ते नळीत टाकून पाहिलं आणि "नापास" म्हणाले. ती अजून त्यावरून बोलते.

तर सोमवार, दहा वाजता. स्पर्शानुभवासाठी मी टोपली भरली होती. ही कल्पना एलिनॉर गोल्डश्मीड नावाच्या बाईंची. बसता येतं पण रांगता येत नाही अशा बाळापुढे रोजच्या वापरातल्या वस्तूंची टोपली ठेवायची. लाकडी चमचा, ब्रश, लोकरीचा गुंडा, धातूचं झाकण, असं काहीही, फक्त प्लॅस्टिकची खेळणी नकोत. बाळ हवं ते उचलेल, चाटेल, आपटेल. मोठ्या माणसाने जवळ बसायचं, लक्ष ठेवायचं आणि गप्प राहायचं. पद्धत सुंदर आहे, पण ती बाकीच्या चौघांना कोणी सांगितलेली नव्हती.

बाळराजेंनी टोपलीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग पुष्कळ विचार करून झाकण उचललं आणि त्याची कड हिरड्यांवर धरून पाहिली. खिडकीतला उजेड झाकणावरून उडून छतावर गेला, तशी त्यांनी मान वर केली. उजेड हलला. ते थांबले. झाकण सुटलं, फरशीवर कडेकडेने फिरत फिरत त्याचा आवाज बारीक होत गेला आणि एकदम बंद पडला. बाळराजेंनी श्वास धरला होता. मीही धरला होता.

तेवढ्यात पलीकडून लाकडी चमचा आला. फेकूरावांचा नेम अजून बसलेला नाही, ही देवाची कृपा. वकीलसाहेबांनी लोकरीच्या गुंड्यावर दावा लावला. मुकादमने "बाळाला असं नाही येत, मी दाखवते" म्हणून टोपली उपडी केली. आणि हमालबाई एकेक वस्तू उचलून, छातीशी धरून, अत्यंत घाईत आतल्या बाजूला नेऊन ठेवू लागल्या. दहा वाजून चार मिनिटांनी टोपलीत फक्त बाळराजेंचा एक मोजा होता आणि बाळराजे बसल्या जागी झोपले होते. उरलेली सोळा मिनिटं मी कोचाखाली होते.

त्याच दुपारी नवऱ्याचा चष्मा हरवला. संशय अर्थातच फेकूरावांवर गेला.

फेकूरावांबद्दल थोडं त्यांच्या बाजूने सांगायला हवं. ज्याँ प्याजे या स्विस मानसशास्त्रज्ञांनी स्वतःच्या तीन मुलांना तासन्‌तास न्याहाळून लिहून ठेवलं की साधारण १२ ते १८ महिन्यांच्या वयात मूल एकच कृती थोडी थोडी बदलून पुन्हा पुन्हा करतं. असं केलं तर काय होतं, तसं केलं तर काय होतं, हे बघायला. फेकूराव चमचा उभ्याने टाकतात, बसून टाकतात, खुर्चीच्या फटीतून टाकतात, दर वेळी वाकून निकाल पाहतात. म्हणजे हे संशोधन आहे. पुढे ख्रिस ॲथी या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी मुलांच्या अशा लकबींचे प्रकारच मांडले. कुणी सतत वस्तू फेकून त्यांचा मार्ग बघतं, कुणी सगळं गुंडाळतं, कुणी इथलं तिथे वाहून नेतं. हे वाचल्यापासून मी "फेकू नको" म्हणायचं सोडलं आहे. कापडाचे चेंडू आणि एक मोठी बादली पुढ्यात ठेवते आणि "इथे फेक" म्हणते. ते बादलीला वळसा घालून फेकतात, पण निदान माझी भूमिका शास्त्रीय असते.

मंगळवारी पाणी. इथे मात्र मी विनोद करत नाही. बाळ बुडायला बोटभर पाणीही पुरतं, तेव्हा टब भरल्यापासून रिकामा होईपर्यंत मी जागची हलत नाही. फोन वाजो, दार वाजो. दार वाजलंच. दारापलीकडून कोणीतरी सात मिनिटं पार्सल पार्सल ओरडत होतं आणि मी आतून "पाणी आहे! पाणी आहे!" म्हणत होते. गृहस्थ म्हणाले, "मला नको पाणी, बाई."

उद्दिष्ट होतं एका भांड्यातून दुसऱ्यात ओतणे. वकीलसाहेबांनी स्वतःच्या भांड्यातून स्वतःच्याच दुसऱ्या भांड्यात ओतलं आणि दोन्हींवर हात ठेवून बसले. फेकूरावांनी वरून ओतून पाहिलं, माझ्या वरून. हमालबाईंच्या हाती स्वयंपाकघरातली गाळणी लागली होती. तिने ती टबात बुडवली, दोन्ही हातांनी धरली आणि जिभेचं टोक बाहेर काढून निघाली बाल्कनीच्या दाराकडे. वाटभर धार. दाराशी पोचून तिने गाळणीत पाहिलं. काही नाही. ती वळली, टबाशी आली, पुन्हा भरली, या खेपेला जरा पळत. पुन्हा काही नाही. असं अकरा वेळा. मी मोजलं. रडली नाही, रागावली नाही, माझ्याकडे तक्रार आणली नाही. बाराव्या वेळी तिने गाळणीखाली आपला तळहात धरला आणि मग निघाली. तळहातात थेंबभर पाणी दाराशी पोचलं. तिने ते दाराला लावलं आणि टाळी वाजवली.

संध्याकाळी तिची आई घ्यायला आली. "काय ताई, आज काय शिकवलंत?"

मी काय सांगणार? "अर्धा तास गाळणीने पाणी नेत होती" हे वाक्य तोंडातून निघेपर्यंत त्याचं सगळं पाणी गळून जातं. वहीत मी लिहिलं: 'जलक्रीडा. छान सहभाग.'

पालकांचंही चुकत नाही म्हणा. दिवसभर डोळ्यांआड असलेल्या लेकराचा काहीतरी पुरावा हवा असतो त्यांना, हातात धरता येईल असा. बुधवारचे ठसे त्याचसाठी. मुकादमचा ठसा उत्तम आला, तिने तो भिंतीवरही दिला. वकीलसाहेब रंगच देईनात. बाळराजेंची मात्र पंचाईत. हात कागदावर टेकवला की मूठ मिटायची. मूठ उघडावी, रंग लावावा, टेकवावी, मिटली. चार कागद झाले, ठसा येई तो पावसात भिजलेल्या शिक्क्यासारखा. शेवटी पाचव्यावर तळवा आणि दोन बोटं बऱ्यापैकी उमटली. उरलेली तीन मी ब्रशने काढली. नवऱ्याला दाखवलं. तो कागद हातभर लांब धरून, डोळे बारीक करून म्हणाला, "वा, अगदी जिवंत!" चष्मा अजून सापडलेला नव्हता.

संध्याकाळी बाळराजेंच्या आईने तो कागद बघितला, तिचे डोळे भरून आले. "बोटं बघा ना, अगदी याच्या बाबांसारखी लांब." मी पाण्याचं भांडं घ्यायला आत गेले. आता तो ठसा फ्रेम करून त्यांच्या दिवाणखान्यात आहे. मला तिकडे चहाला बोलावलं आहे. मी टाळते आहे.

गुरुवारच्या गोलाबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९३२ सालीच दाखवून दिलंय की लहान मुलं आधी एकेकटी खेळतात, मग शेजारी शेजारी बसून आपापलं खेळतात. मिळून खेळणं हळूहळू नंतर येतं. त्याला आता नव्वदहून जास्त वर्षं झाली आणि मी अजून दर गुरुवारी गोल करते. गाण्यातला पक्षी मी होते, बेडूक मी होते, आगगाडी मी होते. समोर पाच चेहरे, नोकरीच्या मुलाखतीत असतात तसे. गाणं संपल्यावर मुकादम म्हणाली, "मावशी, आता पुरे."

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी हिशेब दिलाय. तान्ह्यांना दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटं पोटावर, एक-दोन वर्षांच्यांना १८० मिनिटं हालचाल आणि ११ ते १४ तास झोप. हालचालीची मला चिंता नाही, हमालबाई तो कोटा जेवणाआधी संपवते. झोपेचं मात्र असं आहे की हे पाचही जण पुरेसं झोपतात, फक्त पाळी लावून. एक उठल्याशिवाय दुसरं झोपत नाही. या चौदा तासांतला एकही माझ्या वाट्याला अजून आलेला नाही.

शुक्रवारचा रकाना मी रविवारी कोरा सोडला होता, 'मुक्त खेळ' म्हणून. त्या दिवशी पहिल्यांदा सगळं तक्त्याप्रमाणे झालं.

संध्याकाळी हमालबाईची आई आली ती ओशाळलेली. लेकीची छोटी पाठपिशवी पुढे करून म्हणाली, "ताई, हिच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात मी कधी बघतच नाही हो. आज सहज चेन उघडली." आणि तिने एकेक वस्तू टेबलावर मांडली. धातूचं झाकण. लोकरीचा गुंडा. गाळणी, जिच्यावाचून मी दोन दिवस खोळंबले होते. बाळराजेंचा दुसरा मोजा. कापडाचे दोन चेंडू. आणि मोज्याच्याच जोडीला, नीट घडी घातलेला, नवऱ्याचा चष्मा.

नवऱ्याने तो पुसला, डोळ्यांवर चढवला आणि टेबलावर राहिलेला बाळराजेंचा चौथा कागद उचलून बराच वेळ पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"त्या पाचव्यावर," तो म्हणाला, "बोटं कशी काय आली होती गं?"