शहाणी व्हायच्या आत

पोरगी शहाणी झाली की तिचं उरकून टाकावं, असं आपल्याकडं म्हणतात. ‘शहाणी झाली’ म्हणजे काय, हे अण्णा, तात्या, चाचा, तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. महिन्याचे चार दिवस बाजूला बसायला लागली की शहाणी. पण गोम अशी आहे की त्या शहाणपणाच्या मागोमाग दुसरंही एक शहाणपण येतं, आणि ते आलेली पोरगी प्रश्न विचारते. म्हणून पहिलं आलं की दुसरं यायच्या आत तारीख धरायची. मधे तीन-चार वर्षं हातात असतात. त्यातल्या त्यात नववीचं वर्ष बरं. दहावीला चुकून पंच्याऐंशी टक्के पडले तर वर्गशिक्षिका घरी येऊन बसतात, “हुशार आहे हो, पुढं शिकवा,” म्हणतात, आणि त्यांना चहा पाजून वाटेला लावण्यात अर्धा दिवस जातो.

तुमचा समाज कुठला ते मला सांगू नका. गरज नाही. मिरवणुकीचा रस्ता कुणाचा, डीजे कुणाचा मोठा, यावरून कोल्हापुरात बिंदू चौकापासून पापाच्या तिकटीपर्यंत गळे काढणारे सगळे समाज या एका बाबतीत सख्खे भाऊ आहेत. वाक्यसुद्धा सगळ्यांचं एकच: “आमच्यात असंच असतंय.” कुणी फारच टोकलं तर शेजारच्या गल्लीकडं बोट करायचं, “आधी त्यांच्यात जाऊन सांगा की.” त्या गल्लीतलं बोट तुमच्याकडं असतंच. या दोन बोटांच्या मधून पोरगी अलगद सासरी पोचते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांना विचारलं, तर २१.९ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झाली होती. पाचात एक. एवढ्या पोरी एकट्या शेजारच्या गल्लीत मावत नाहीत, अण्णा. आपलाही थोडा हातभार आहे, उगाच संकोच नको.

बघायला पाहुणे येतील तेव्हा पोरीला जास्त बोलू देऊ नका. आमच्या ओळखीच्या एका घरी ही चूक झाली. पाहुण्यांनी विचारलं, काय शिकतेस? म्हणाली, नववी ब. काय आवडतं? म्हणाली, कबड्डी. सगळी बैठक हसली. मुलाचा मामा म्हणाला, “आमच्यात बी खेळायला मिळतंय की, चार म्हशी हायत.” पुन्हा सगळे हसले. पोरगी हसली नाही, तिला वाटलं अजून प्रश्न आहेत. तिनं कुठल्या तालुक्याला हरवलं ते सांगायला सुरुवात केली, तर आईनं हातात पोह्यांचा ट्रे दिला.

आई फार कामाची, तिला पुढं करा. तिचं स्वतःचं पंधराव्या वर्षी झालेलं असतं. “माझं झालं की, मी काय मेले का?” एवढं एक वाक्य तिच्याकडून वदवून घेतलं की बैठकीतला डॉक्टर भाचासुद्धा गप्प होतो. बोलताना ती पोरीकडं बघत नाही, तेवढं सोडलं तर याहून चांगला दाखला नाही.

आता कायदा. २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा. अल्पवयीन पोरीशी लग्न करणाऱ्या सज्ञान नवऱ्याला, लग्न लावणाऱ्याला आणि लावू देणाऱ्या आई-बापाला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, लाखापर्यंत दंड. आईला मात्र कैद नाही. उभ्या जन्मात बाई म्हणून तिला मिळालेली ही पहिली सवलत असेल. गुन्हा अजामीनपात्र. घाबरलात? घाबरू नका. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी कोण, तर ग्रामसेवक. तोच, ज्याच्याकडं घरफाळा थकवून तुम्ही दर मार्चला वाद घालता. तक्रार हातात आली तर त्याला दिसतं, नाहीतर शंभर फुटी मांडवही दिसत नाही. पोरीच्या शाळेच्या भिंतीवर मात्र १०९८ हा पोरांच्या मदतीचा नंबर रंगवलेला असतो. त्यावर उपाय सोपा आहे. समाजातर्फे शाळेला नवा रंग लावून द्या. बातमी येईल, हारतुरे होतील, आणि भिंत पांढरी होईल.

तरी कुणी आडवं आलंच तर धर्म काढा. एक पथ्य मात्र पाळायचं: धर्म अर्धाच वाचायचा. चाचा, पंधराव्या वर्षी निकाह चालतो हे पान तुम्हाला तोंडपाठ आहे, आणि न्यायालयांचीही तुम्हाला थोडी साथ आहे. उच्च न्यायालयांचे निकाल दोन्ही बाजूंनी आहेत, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बालविवाहावर भलामोठा निकाल दिला तरी हा २००६ चा कायदा त्या त्या धर्माच्या वैयक्तिक कायद्याच्या वर की खाली, हा मुद्दा मोकळाच ठेवला. पण पान उलटू नका. पुढच्या पानावर मेहर, म्हणजे निकाहात नवऱ्यानं द्यायची रक्कम, तिचा आहे, बापाचा नाही. बापाच्या मिळकतीत तिला वाटा आहे, भावाच्या निम्मा का होईना. आणि पंधराच्या आत लावलेला निकाह अठरा व्हायच्या आत नाकारायची मुभा तर मुस्लिम विवाहविच्छेदाच्या १९३९ च्या कायद्यात छापलेली आहे.

तात्या, तुम्ही हसू नका. हिंदू विवाह कायद्यातही पंधराच्या आत लग्न झालेल्या पोरीला अठरा व्हायच्या आत ते नाकारता येतं. शिवाय २००६ च्या कायद्यानं कुठल्याही बालवधूला सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत लग्न रद्द करून मागता येतं. १९९४ ला महाराष्ट्रानं आणि २००५ ला देशानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाएवढा वाटा दिला. या पानांवर आपण हक्कसोडपत्र चिकटवतो. राखीपौर्णिमेला भाऊ साडी घेतो, चार दिवसांनी गाडी करून बहिणीला निबंधकाच्या कचेरीत नेतो, येताना मिसळ खायला घालतो. तिथं धर्म कुणी काढत नाही. तिथं ‘घरातलं घरात’ असतं.

खरं तर धर्म ही सवडीच्या माणसांची सोय आहे. ऊस तोडायला आपल्या जिल्ह्यात ज्या टोळ्या उतरतात, त्यांच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि मुकादमाची उचल कोयत्यावर मिळते. पालात वयात आलेली पोरगी एकटी ठेवून फडात जायचं, तर आईच्या जिवाला घोर. त्यांना पोथी आठवायला वेळ नसतो. लग्न लावलं की एक कोयता वाढतो आणि एक काळजी उतरते. तुमच्याकडं दोन ट्रॅक्टर, वर स्लॅबचं घर. पोट कारण म्हणून सांगता येत नाही. म्हणून तुम्हाला धर्म लागतो.

कोल्हापुरात एक जादाची अडचण आहे, ती म्हणजे शाहू महाराज. इतर जिल्ह्यांना हा त्रास नाही. दसरा चौकातनं जाताना मान वर केली की पुतळा. या माणसानं १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि पोर शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड लावला. त्याच साली विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला. आता याच्या गावात नववीतली पोरगी उजवायची म्हणजे जरा अवघडच. पण आपण मार्ग काढलेला आहे. २६ जूनला, महाराजांच्या जयंतीला, फेटा बांधून हार घालायला पहिल्या रांगेत उभं राहायचं आणि भाषणात ‘पुरोगामी’ शब्द पाच वेळा यायला हवा. पाच वेळा पुरे, सहाव्यांदा लोक पोरीचं वय विचारतात.

आणि कुणी वाचलेला माणूस भेटलाच, तर हुकमाचं पान टाका: “महाराजांची सून इंदुमती अकराव्या वर्षीच लग्न होऊन आली, त्याच १९१७ साली!” खरं आहे ते. एवढं बोलून थांबा आणि पान लावा. वर्षभरात शिकारीच्या अपघातात तिचा नवरा गेला आणि सासऱ्यानं त्या विधवा सुनेला सोनतळीला ठेवून शिकवायचं काम हाती घेतलं, हे समोरचा सांगायच्या आत उसाच्या दराचा विषय काढायचा.

हेरवाडचं नाव तर घरात काढूच नका. शिरोळ तालुक्यातल्या त्या गावानं मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा मेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. पुढं सरकारनं बाकीच्या गावांनाही तोच कित्ता गिरवायला सांगितलं. रीत ठरावानं मोडता येते, हे एकदा पोरीच्या कानावर गेलं की तुमच्या ‘आमच्यात असंच असतंय’ला काडीची किंमत राहत नाही.

बाकी हॉल, बँड, आचारी तुमचं तुम्ही बघालच. पत्रिका मात्र मला देऊ नका. त्या २००६ च्या कायद्याचं कलम ११ मी वाचलंय. नुसतं लग्नाला हजर राहणाराही त्यात धरलाय, बापाला जी शिक्षा तीच त्यालाही. तेव्हा मांडवात काही मी दिसणार नाही. तुमच्यात बिर्याणी असो, मसालेभात-जिलेबी असो, नाहीतर तांबडा-पांढरा असो, अंधार पडल्यावर डबा घरी पाठवा. पांढरा रस्सा तेवढा वेगळ्या डब्यात द्या. मागच्या वेळी पाटलाच्या धाकटीच्या लग्नातला पिशवीभर सांडला होता.