छोट्या स्टेपनीचे पंक्चर न काढल्याच्या तक्रारीस उत्तर

सप्रेम नमस्कार. आपण एक तारा देऊन लिहिले आहे की, डिकीतल्या छोट्या स्टेपनीचे साधे पंक्चर काढायला आमच्या उद्यमबागेतील दुकानाने नकार दिला, नवे चाक गळ्यात मारायचा प्रयत्न केला आणि वर टायर उतरवण्या-चढवण्याचे 150 रुपयेही घेतले. पैशांबाबत आपले म्हणणे रास्त आहे. जे काम झालेच नाही त्याची मजुरी घ्यायला नको होती आणि ती मी परत करत आहे. काउंटरवरच्या मुलाने ‘आगंगिल्ल’ (कन्नडमध्ये ‘होणार नाही’) एवढ्या एका शब्दात आपल्याला वाटेला लावले, याबद्दलही मी मनापासून क्षमा मागतो, कारण आपल्याला नीट समजावून सांगणे हे मालक म्हणून माझे काम होते. नकार मात्र योग्यच होता.

आपली स्टेपनी इतर चार चाकांसारखी नाही. तिच्या कडेवर टी 125/70 डी 15 असे छापले आहे. त्यातला ‘टी’ तात्पुरत्या वापराचा, आणि सोबत ताशी 80 किलोमीटरची वेगमर्यादाही दिली आहे. वजन आणि जागा वाचावी म्हणून हा टायर अरुंद आणि हलका बनवतात, आणि तेवढ्या रबराने गाडीचा भार पेलावा यासाठी त्यात 60 पीएसआय, म्हणजे साध्या टायरच्या जवळजवळ दुप्पट हवा लागते. पंपावर चारही चाकांत 32-33 भरून झाली की स्टेपनीतही बहुधा तेवढीच भरली जाते, आणि नुकसान तिथूनच सुरू होते: कमी हवेत टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते, तापते आणि आतले धागे तुटू लागतात. आपला टायर डिस्कवरून उतरवला तेव्हा आत रबराचा काळा भुगा साचलेला होता आणि बाजूवर आतून गोल फिरलेली चुरगळ स्पष्ट दिसत होती. खिळा लहान होता, हे खरे. पण बाजू अशी खचल्यावर ट्रेडवरचे, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागावरचे, भोक बुजवून काय उपयोग? हा टायर पुढे फुटला असता तर बाजूनेच फुटला असता. अशा तात्पुरत्या टायरला प्लग किंवा पॅच मारू नये, असेच उत्पादकही सांगतात.

‘आठवडाभर याच चाकावर निपाणीला ये-जा केली, काही झाले नाही,’ असेही आपण लिहिले आहे. ते वाचून मला खरोखर काळजी वाटली. जवळच्या दुकानापर्यंत पोहोचण्यासाठी असलेले चाक महामार्गावर रोज दीडशे किलोमीटर चालले, तेही पुढच्या बाजूला, जिथे इंजिनाची ओढ आणि ब्रेकचा मोठा भार येतो. दोन चाकांचा व्यास वेगळा असला की सरळ रस्त्यावरही डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची जोडणी, सतत काम करत राहते. पुढचे चाक पंक्चर झाल्यास मागचे चांगले चाक पुढे आणून स्टेपनी मागे लावावी. खटपट वाढते, पण पावसात चोर्ला घाट उतरायचा असेल तर ती टाळू नये.

रबर नव्यासारखे दिसते, या आपल्या मुद्द्याबाबत इतकेच की कडेवरचा 1813 हा आकडा 2013 सालचा अठरावा आठवडा दाखवतो. डिकीत पडून असलेले रबरही जुने होतेच.

त्या अरुंद डिस्कवर साधा टायर बसत नाही. त्यामुळे एकतर त्याच मापाचा नवा टायर मागवावा, नाहीतर डिकीच्या खळग्यात मावत असेल तर आपल्या इतर चाकांच्याच मापाचा टायर लोखंडी डिस्कवर घ्यावा. आपण गाडी घेऊन आलात तर खळग्याचे माप मी स्वतः घेईन, त्याचे पैसे लागणार नाहीत, आणि टायर आमच्याकडूनच घ्यावा असेही नाही. जुनी स्टेपनी सोबत आणावी. आतली चुरगळ आपल्याला हाताने तपासता येईल.

— दुकानमालक, उद्यमबाग, बेळगाव